शिळं पाणी

पावसाळ्यात गिरणा धरणात साठलेलं पाणी मे महिन्यापर्यंत पडून असतं. ते ताजं. तेच पाणी आमच्या पिंपात दोन-तीन रात्री राहिलं की शिळं!

खान्देशातल्या आमच्या गावाला नळ रोज येत नाही. कधी येईल ते व्हॉल्व्हवाल्यालाच ठाऊक. भल्या पहाटे गल्लीच्या टोकाकडून "नय उनात व माय!" (नळ आले गं बाई!) अशी आरोळी ऐकू आली की आमची आई उठते ती भरायला नव्हे, ओतायला. हंडे, कळशा, पिंपं, फ्रिजातल्या बाटल्यासुद्धा. सगळं गटारीत रिकामं करून मगच नव्यानं भरायचं. पाणीटंचाईत इतरांची भांडी कोरडी पडत असतील, आमच्याकडे ती भरलेली असतानाच ओतली जातात.

"आई, निदान झाडांना घाल, संडासाला ठेव."

"पाव्हनास्ले शियं पानी देतस का रे?" आई विचारते.

पंचेचाळीस अंशांच्या वैशाखात आमच्याकडे कुठला पाहुणा येणार, हे विचारायची सोय नाही.

तिकडे शेजारच्या जिभाऊंनी नळालाच टुल्लू, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, जोडलेला असतो. तो घरघरू लागला की आमची धार करंगळीएवढी होते. म्हणून आम्हीही टुल्लू घेतला. आमच्यामुळे पलीकडच्यांनी घेतला. आता सगळी गल्ली एकमेकांच्या तोंडचं पाणी ओढते. पाइपलाइन जुनी, जागोजाग फुटलेली आणि गटारीला खेटून गेलेली. पाइपात दाब असेल तर पाणी बाहेर गळतं. पाणीपुरवठा बंद असला किंवा टुल्लूनं ओढ लावली की दाब संपतो आणि गटारीतलं आत शिरतं. म्हणजे आईनं पहाटे ओतलेलं शिळं पाणी थोड्याच वेळात जिभाऊंच्या टुल्लूतून ताजं होऊन येतं. "पहिलं पानी गढूळच राहतं भो, सोडी द्या," असं जिभाऊ सांगतात. ते सोडलं की पुन्हा गटारीतच.

या ताज्या पाण्यावर उपाय म्हणून आरओ, म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र, आला. तो एक लिटर देतो आणि दोन-तीन लिटर मागच्या नळीतून फेकतो. त्या नळीखाली मी बादली लावली. त्या पाण्यात क्षार जास्त, म्हणून तुळशीला नाही; पण लादीला, संडासाला चालतं. तुळशीवरून मात्र घरात बराच खल झाला.

रावेरकडचा आमचा चुलतभाऊ केळीला ठिबकनं तासाला चार लिटर मोजून देतो. त्यावर तासभर बोलूही शकतो. हाच गृहस्थ आमच्याकडे आला की दाढी होईस्तोवर बेसिनचा नळ सोडून ठेवतो, आणि आमच्या जुन्या फ्लशची साखळी दोनदा ओढतो. एका ओढीला दहा लिटर! केळीचं भाग्य माणसाला नाही.

राहिली मोरी. शेवभाजी म्हटली की तर्री आली, तर्री आली की भांड्याला बोटभर तेल. ते गटारीत थिजतं, नाली तुंबवतं, पाण्यावर पसरलं तर खालच्या पाण्याला हवा मिळू देत नाही. कपड्यांच्या पावडरीत फॉस्फेट असलं तर ते पुढे शेवाळाला आणि जलपर्णीला खत होतं. म्हणून मी सौभाग्यवतींना सुचवलं की भांडी घासण्याआधी रद्दी कागदानं पुसून घ्यावीत.

"तुम्हीच ताट पुसून खात जा," त्या म्हणाल्या. जागतिक पर्यावरणावर त्यांचं मत एवढंच.

मग मी नकाशा काढला. आपली गटार नाल्याला, नाला नदीला, नदी तापीला, तापी उकाई धरणात आणि तिथून सुरतेला. सुरत तापीचं पाणी पिते. शुद्ध करून पिते म्हणा, पण पिते. आणि सुरतेत कोण राहतं? अर्धा खान्देश! त्यात उधन्याला, मिलच्या नोकरीवर, सौभाग्यवतींचा सख्खा धाकटा भाऊ.

तेव्हापासून आमच्या कढया, ताटल्या, वाट्या लख्ख पुसूनच मोरीत येतात. तळणीचं उरलेलं तेलही बाटलीत साठतं. कपड्यांनाही त्या पावडर निम्मीच टाकतात.

माझी थोरली बहीणही उधन्यालाच, मेहुण्याच्या मागच्या गल्लीत राहते. हे मी घरात अजून काढलेलं नाही.