‘येशू हवा, चर्च नको’ म्हणणाऱ्या भाच्याला

नाताळापासून हा मजकूर माझ्या मोबाईलवर चार वेळा आला. आधी खानापूरच्या नातेवाइकांकडून, मग निपाणीच्या मैत्रिणीकडून, मग आमच्याच स्त्रीमंडळाच्या ग्रुपवर आणि शेवटी बंगळूरला नोकरीला असलेल्या भाच्याकडून. मजकूर थोडक्यात असा : येशूने चर्च स्थापलंच नाही, ते कॉन्स्टंटाईन बादशहाने काढलं. देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही. दोघे-तिघे जमले की प्रभू तिथे हजर असतो. चर्चमध्ये भांडणं आणि पैसा याशिवाय काही उरलेलं नाही. विश्वास ज्याचा त्याचा खासगी. तेव्हा घरी बायबल वाचा, मोबाईलवर चांगला संदेश ऐका, तेवढं पुरे. भाच्याने खाली एकच ओळ लिहिली होती : ‘आत्या, ह्यात चूक काय आहे ते सांग की.’

सांगते. एकेक मुद्दा घेऊन सांगते, कारण या मजकुरात खरं आणि खोटं इतकं मिसळलंय की सगळंच एकदम फेटाळलं तर खऱ्यावर अन्याय होईल.

कॉन्स्टंटाईनचा मुद्दा लवकर निकालात निघतो. 313 साली त्याच्या राज्यात ख्रिस्ती लोकांचा छळ थांबला आणि त्यांना उघडपणे उपासना करायची मोकळीक मिळाली, हे खरं. पण येशूचा पहिल्या पिढीतला प्रचारक पौल याने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्र लिहिलं ते सुमारे 50 सालचं, आणि ते कोणा एकट्यादुकट्याला लिहिलेलं नाही, ‘मंडळीस’ लिहिलेलं आहे. सुमारे 112 साली प्लिनी नावाच्या रोमन अधिकाऱ्याने सम्राट ट्राजनला कळवलं की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाट व्हायच्या आत जमतात, ख्रिस्ताला देव मानून गीत गातात आणि पुन्हा एकत्र येऊन जेवतात. सीरियात दुरा-युरोपोस इथे उत्खननात एक घर सापडलं. सुमारे 240 च्या आसपास ते उपासनेसाठी बदलून घेतलेलं होतं आणि आत बाप्तिस्म्याचं कुंडसुद्धा होतं. म्हणजे बादशहा यायच्या कितीतरी आधी माणसं जीव धोक्यात घालून जमत होती. घरी एकट्याने प्रार्थना करून भागलं असतं तर त्यांनी तो धोका का पत्करला असता? आणि येशूचं म्हणाल, तर बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात, 16 व्या अध्यायात त्याचे शब्द स्पष्ट आहेत : ‘मी आपली मंडळी रचीन.’ बादशहाच्या मर्जीबरोबर चर्चमध्ये मानमरातब शिरला, सत्ता शिरली, त्याचे दुष्परिणामही झाले. तेवढं त्या मजकुरातलं मान्य.

देव हातांनी बांधलेल्या घरात राहत नाही, हे तर पहिल्या मंडळीतल्या स्तेफनानेच म्हटलंय, बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 7 व्या अध्यायात. त्याला कोण नाही म्हणेल? घोटाळा आपल्या बोलण्यात आहे. आपण ‘चर्च’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर घंटा, बाक आणि पुलपिट येतं. मराठी बायबलात शब्द आहे ‘मंडळी’. मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया, म्हणजे बोलावून जमवलेले लोक. इफिस शहरातल्या नागरिकांच्या सभेलाही तोच शब्द वापरलाय. कन्नड बायबलात ‘सभे’. आपल्या घरात ‘मंडळी आली का रे सगळी?’ असं विचारतात तेव्हा कोणी भिंतींबद्दल विचारत नाही. इमारत उद्या पडली तर मंडळी झाडाखाली बसेल. पण मंडळीच जमली नाही, तर इमारत राखून काय करायचं?

आता ते वचन, जे सगळ्यांना पाठ आहे. ‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत…’ माझी कळकळीची विनंती आहे, हे वचन सांगणाऱ्याने मत्तयाचा 18 वा अध्याय 15 व्या ओवीपासून वाचावा. तिथे विषय आहे तो अपराध करणाऱ्या भावाचा. आधी एकट्याने जाऊन त्याला त्याचा अपराध दाखव. ऐकलं नाही तर आणखी एकादोघांना बरोबर घे. तरी ऐकलं नाही तर ‘मंडळीला कळव’. त्यानंतर तीनच ओळींनी दोघा-तिघांचं वचन येतं. म्हणजे मंडळीतल्या बिघडलेल्या नात्याचं काय करायचं हे सांगताना येशू जे बोलला, तेच वचन आपण मंडळी सोडायला वापरतोय. अर्थात खेड्यात दोनच ख्रिस्ती घरं असतील तर ती दोन घरं जमली की प्रभू तिथे आहेच, त्यात शंका नाही. पण तीनशे माणसं हाकेच्या अंतरावर असताना त्यातली आपल्या पसंतीची दोघंच निवडणं ही गोष्ट निराळी.

या निवडण्यावर मला जास्त बोलायचंय, कारण भांडणांचा मुद्दा इथेच येतो.

चर्चमध्ये भांडणं आहेत. कमिटीच्या निवडणुकीत आहेत, जागेवरून आहेत, कोर्टापर्यंत गेलेली आहेत. लग्न जुळवताना जुनी जात अजून विचारली जाते, आणि ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. याची मला लाज वाटते. पण पहिली मंडळी भांडणाशिवाय होती हा समज कुठून आला? प्रेषितांचा 6 वा अध्याय उघडा. यरुशलेमात रोजचं अन्न वाटताना आमच्या विधवांना डावललं जातं, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची इब्री बोलणाऱ्यांविरुद्ध कुरकुर होती. भाषेवरून गट! बेळगावच्या माणसाला हा अध्याय वेगळा समजावून सांगावा लागत नाही. प्रेषितांनी काय केलं? ‘तुम्ही तुमची वेगळी मंडळी काढा’ असं सांगितलं नाही. लोकांना सात माणसं निवडायला लावली, आणि ज्यांची निवड झाली त्या सातांचीही नावं ग्रीक आहेत. स्तेफन त्यातलाच पहिला. तक्रार करणाऱ्यांच्याच हाती वाटप दिलं असं त्यातून दिसतं. करिंथकरांचं तर विचारूच नका. मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा असे तट पडलेले, भाऊ भावाला कोर्टात खेचतोय, प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीला, श्रीमंत आधी जेवून घेतायत आणि गरीब उपाशी बसलेत. पौल त्यांना फैलावर घेतो, पण पत्राच्या सुरुवातीला लिहितो, ‘करिंथ येथील देवाच्या मंडळीस’.

आमच्याकडे सकाळी मराठी उपासना असते आणि ती संपली की कन्नड. कित्येक वर्षं वेळेवरून धुसफूस चालायची. आमचा संदेश लांबायचा आणि कन्नड मंडळी पोरंबाळं घेऊन व्हरांड्यात उन्हात उभी राहायची. आमच्यातल्या काहींना वाटायचं, आधी आलो ते आपण. थांबू देत त्यांना. पुढे दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून ठरवलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना आणि प्रभुभोजन एकत्र घ्यायचं, गीताचं एक कडवं मराठीत, एक कन्नडमध्ये. 2015 साली 1 नोव्हेंबर नेमका रविवारी आला. त्या दिवशी बेळगावात काय वातावरण असतं ते इथल्यांना ठाऊक आहे : एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक, दुसरीकडे काळ्या दिनाची फेरी, चौकाचौकात पोलीस. आत माझ्या शेजारी कन्नड उपासनेच्या एक बाई बसल्या होत्या. त्यांचा चष्मा घरी राहिला होता. मराठी कडवं आलं की मी म्हणायची, कन्नड आलं की त्या पाठ असलेलं म्हणायच्या, आणि भाकरीचं तबक आलं तेव्हा त्यांनी ते आधी माझ्यापुढे धरलं. माझे वडील सीमालढ्यात तुरुंगात जाऊन आलेले. माझी माणसं मी निवडली असती तर त्या बाई माझ्या शेजारी कधीच बसल्या नसत्या.

भाच्या, हीच गोष्ट मला तुझ्या मनावर ठसवायची आहे. प्रभूच्या आज्ञांत ‘एकमेकां’ हा शब्द किती वेळा येतो ते बघ. एकमेकांवर प्रीती करा. एकमेकांची ओझी वाहा. एकमेकांना क्षमा करा. एकमेकांचे पाय धुवा. एकमेकांजवळ आपली पातकं कबूल करा. खोलीचं दार लावून यातली कोणती आज्ञा पाळता येते? आणि मनाजोग्या चार मित्रांबरोबर पाळली तर क्षमा करायची वेळ तरी येईल का?

पैशाबद्दल थोडक्यात. सुमारे 155 साली जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने रोमन सम्राटाला उद्देशून रविवारच्या उपासनेचं वर्णन लिहिलं. त्यात वचनांचं वाचन आहे, बोध आहे, प्रार्थना आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे, आणि ऐपतवाल्यांनी खुशीने दिलेलं दान आहे. ते दान अनाथ, विधवा, आजारी आणि कैदी यांच्यासाठी वापरायचं. दानार्पण त्यासाठी आहे. तसं ते वापरलं जात नसेल तर वार्षिक सभेत उभं राहून हिशेब मागा. जो येणंच सोडतो त्याला हिशेब मागता येत नाही, आणि तिजोरीची किल्ली अप्रामाणिक माणसाच्या हातात आणखी घट्ट बसते. ज्याला चर्चमध्ये खरोखर इजा झालीय, त्याची गोष्ट मात्र वेगळी. त्याला ‘परत ये’ म्हणण्याआधी आपण त्याच्या घरी जायला हवं.

विश्वास खासगी असतो, या म्हणण्याला आपल्या गावचंच उत्तर आहे. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात 1820 मध्ये सुरू झालं आणि 1831 मध्ये याच गावात मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचा जन्म झाला. मुंबईत शिकताना ते परमहंस सभेतही गेले. जातिभेद मोडणाऱ्यांची ती सभा होती, पण गुपचूप चालायची. ख्रिस्ताची शिकवण मनाला पटल्यावरही ते बरेच दिवस घुटमळत राहिले. घरच्यांचं दुःख, समाजाचा राग, सगळं समोर दिसत होतं. मनात विश्वास ठेवून भागलं असतं तर तेवढ्यावरच थांबणं सोपं होतं. 1854 मध्ये बेळगावात त्यांनी बाप्तिस्मा घेतला, उघडपणे. काही जण रेव्हरंड टिळकांचं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचं, नाव घेतात, की त्यांनीही शेवटी चर्च सोडलं. टिळक 1917 मध्ये मिशनच्या कामातून बाहेर पडले, बरोबर. पण बाहेर पडून त्यांनी काय केलं? ‘देवाचा दरबार’ स्थापला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणायला लागले. मिशनचा बंगला सोडला तरी त्यांना माणसं जमवल्याशिवाय राहवलं नाही.

राहता राहिला मोबाईल. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये त्याने आम्हाला तारलं, आणि अंथरुणाला खिळलेल्यांना तो आजही देणगीच आहे. संदेश तर तिथे आमच्या पाळकांपेक्षा सरस मिळतात, हे पाळकसाहेबांनाही ठाऊक आहे. पण दोन रविवार मी दिसले नाही तर तिसऱ्या दिवशी ‘काय गं, बरं नाही की काय तुला?’ म्हणून दारात येणारी बाई त्या मोबाईलमधून येत नाही.

आणि ज्याला मोबाईलही बघता येत नाही, त्याचं काय? तुझ्या आजीला पक्षाघात झाल्यावर वाचता येत नव्हतं, ऐकलेलं कळत होतं की नाही हेही समजत नव्हतं. जस्टिनने एक गोष्ट लिहिलीय : जे येऊ शकले नाहीत त्यांचा भाकर-द्राक्षारसाचा वाटा डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, घरी नेऊन देत. आमच्याकडे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी पाळकसाहेब आणि एक डीकन लाकडी पेटी घेऊन यायचे. पेटीत बोटभर उंचीचे काचेचे पेले असायचे, पांढऱ्या रुमालात भाकरीचे तुकडे आणि बाटलीत काळ्या मनुका उकळून केलेला रस. शेवटच्या खेपेला आई डोळे उघडत नव्हती. आम्ही प्रभूची प्रार्थना सुरू केली, ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’, आणि तिचे ओठ हलले. तिला माझं नावही आठवत नव्हतं. पण आम्ही चुकून थांबलो तेव्हा ती पुढे म्हणाली, ‘आमची रोजची भाकर’. माझी नाही, आमची. ही प्रार्थना येशूने शिकवली तीच अशी.

डीकननी तिच्या ओठांना रस लावला. मग पेले पुसून पाळकसाहेबांनी पेटी बंद केली, कारण त्यांना अजून शहापूरला एका घरी जायचं होतं.