१९१९ चा इन्स्पेक्टर आणि त्याच्या डोक्यातलं युद्ध: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९१९ मधल्या गुन्हेकथांच्या इन्स्पेक्टर-नायकाबद्दल तुमचे आक्षेप दोन. पहिल्या महायुद्धाने पछाडलेला स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर म्हणजे आजचं मानसशास्त्र शंभर वर्षं मागे नेऊन चिकटवलेलं. आणि असा माणूस खात्यात टिकलाच नसता.

पहिला आक्षेप पटत नाही. डॉ. चार्ल्स मायर्स यांचा 'शेल शॉक'वरचा (युद्धाच्या धक्क्याने येणाऱ्या मानसिक आजारावरचा) लेख फेब्रुवारी १९१५ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. पुढे ब्रिटिश लष्कराने अशा रुग्णांचे दोन गट पाडले. 'डब्ल्यू' म्हणजे शत्रूच्या माऱ्यात जखमी; त्याला बाहीवर पट्टी आणि पेन्शनचा हक्क. 'एस' म्हणजे नुसता आजारी. त्याला यातलं काही नाही. नायकाने 'एस' शिक्का लपवणं यात आधुनिक काहीच नाही. पेन्शन मागायची नाही, तोंड उघडायचं नाही, की कामावर परत येता येतं. दुसऱ्या आक्षेपाचं उत्तरही हेच.

अशा कथांत खरी गफलत होते ती युद्धातल्या मृत्युदंडाच्या प्रसंगात. कॅप्टन रात्री हुकूम देतो आणि पहाटे जवानाला गोळ्या घालतात, असं अनेकजण लिहितात. प्रत्यक्षात कोर्ट मार्शल व्हायचं, मग कागद ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, आर्मी असे चढत सरसेनापतीपर्यंत जायचे. फ्रान्समध्ये डिसेंबर १९१५ पासून शेवटची सही ब्रिटिश सरसेनापती हेग यांची. सुमारे ३,००० शिक्षांपैकी जवळजवळ ९० टक्के रद्द किंवा सौम्य झाल्या. पळून जाणं, भ्याडपणा अशा गुन्ह्यांसाठी मारलेल्या ३०६ जणांना २००६ मध्ये माफी मिळाली. गोळ्या झाडणारे बहुधा कैद्याच्याच पलटणीतले, कैद्याच्या छातीवर पांढरी चिंधी, आणि जीव उरला तर रिव्हॉल्व्हर चालवायचं ते तुकडीवरच्या अधिकाऱ्याने. स्वप्नात परत यायला तेवढं पुरे. तोफांचे आवाज लेखकाने खर्चायची गरज नाही.

तुम्ही पकडायला हवी होती ती वेगळीच गोष्ट: नायकाचं खानदान. इन्स्पेक्टर गस्तीच्या कॉन्स्टेबलपासून वर चढत यायचा. 'वरच्या' घरातल्या तरुणांना अधिकारीपदाची वाट खुली करणारं हेंडन पोलीस कॉलेज १९३४ चं. त्यामुळे १९१९ मधला उमराव इन्स्पेक्टर मला त्याच्या डोक्यातल्या युद्धापेक्षा जास्त खटकतो.

परगण्यातल्या खुनावर यार्डाचा माणूस आपणहून धावत नसे. १९०७ पासूनच्या व्यवस्थेत तिथल्या चीफ कॉन्स्टेबलने (परगण्याच्या पोलीसप्रमुखाने) बोलावणं धाडावं लागे. मानापमानात तो दोन-तीन दिवस घालवायचा आणि तोवर पुरावे तुडवले जायचे. कथानकाला हे आयतंच मिळतं. नायकाच्या हाती हातमोजे आणि नमुन्यांच्या बाटल्या असलेली 'मर्डर बॅग' मात्र देऊ नका. ती १९२४ च्या क्रम्बल्स या किनाऱ्यावरच्या खुनानंतर आली, कारण तिथे मृतदेहाचे अवशेष उघड्या हातांनी उचलले जाताना पाहून शवचिकित्सक डॉ. स्पिल्सबरी हादरले होते.