खोक्यावर होलोग्राम, आत कचरा

खिशात पैसे आहेत. घासाघीस करायची नाही, दुकानदार म्हणेल तो भाव द्यायला तयार आहे. तरीही जुन्या गाडीसाठी धड चालणारी एक इग्निशन कॉइल, म्हणजे इंजिनातलं पेट्रोल पेटवणारी ठिणगी उभी करणारा पार्ट, या शहरात मला का मिळू नये, हे कुणीतरी एकदा समजावून सांगा. फुकट मागत नाहीये मी. विकत मागतोय!

गाडी २००७ सालची, पेट्रोल, चार सिलिंडर. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जुनी गाडी कुठलीही असो, रडगाणं हेच असतं. इंजिन ठणठणीत, पत्र्याला गंज नाही, एसी अजून हुडहुडी भरवतो. फक्त प्रत्येक स्पार्क प्लगच्या डोक्यावर एक अशा चार कॉइल आहेत आणि त्यातली एखादी कायम मेलेली असते. मग सिग्नलला गाडी थरथरते, कात्रजच्या चढाला मिसिंग मारते, म्हणजे एक सिलिंडर पेटतच नाही, चेक इंजिनचा दिवा डोळे मिचकावायला लागतो. स्कॅनर लावला की कोड येतो पी०३०३. म्हणजे मिसिंग तिसऱ्या सिलिंडरमध्ये. तिथली कॉइल काढून दुसऱ्यावर लावली की कोड निमूटपणे पी०३०२ होतो. म्हणजे रोगी कोण, याबद्दल शंकाच नाही. तरी गॅरेजमध्ये कुणीतरी म्हणणारच, ‘साहेब, प्लग बघितले का?’ बघितले. नवीन टाकले. गॅप फिलर गेजने मोजून टाकला. टॅपेट कव्हरची पॅकिंग बदलली, प्लगच्या विहिरीत ऑइलचा थेंब नाही. वायरिंगचे सॉकेट साफ केले. आता बोला.

बरं, कॉइल म्हणजे काही चांद्रयान नाही. छोटासा ट्रान्सफॉर्मर आहे तो. जाड तारेचे थोडे वेढे (प्रायमरी), केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे (सेकंडरी), मध्ये लोखंडी गाभा आणि सगळं इपॉक्सी ओतून बंद. बॅटरीचे १२ व्होल्ट आत जातात, प्रवाह झटक्यात तोडला की पलीकडे प्लगवर वीस-तीस हजार व्होल्ट उभे राहतात. फॅरेडेने हे तत्त्व १८३१ मध्ये दाखवून दिलं. १९१० च्या कॅडिलॅक गाडीत अमेरिकन इंजिनियर केटरिंगची बॅटरी-कॉइलवाली इग्निशन बसवलेली होती. शंभर वर्षं उलटून गेली त्याला, आणि आमच्याकडे एक पावसाळा काढेल अशी कॉइल मिळायची मारामार!

चोरी कुठे होते तेही सांगतो, कारण ती बाहेरून दिसत नाही. तारेवरचं इनॅमल पातळ मारायचं, तांबं कमी घालायचं, इपॉक्सी स्वस्तातलं आणि घाईत ओतलेलं, म्हणजे आत हवेचे बुडबुडे. प्लगवर बसणारा रबरी बूट असा, की दोन महिन्यांत कडक होऊन तडकतो आणि ठिणगी प्लगऐवजी इंजिनच्या हेडला जाते. ही कॉइल थंड असताना झकास चालते. दुकानात मल्टिमीटर लावा, प्रायमरी एक ओहमच्या आसपास, सेकंडरी काही हजार ओहम, सगळं बरोबर. इग्नायटर, म्हणजे करंट चालू-बंद करणारं सर्किट, आतच असलेली चार पिनची कॉइल असेल तर मीटरला तेवढंही धड कळत नाही. गॅरेजवाला बसवतो, कोपऱ्यापर्यंत चक्कर मारतो, ‘एकदम मक्खन’ म्हणतो. मग तुम्ही हायवेला लागता, हेड तापतं, आतल्या वेढ्यांमधलं इन्शुलेशन हार मानतं आणि खंबाटकी घाटात मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागतो.

आणि नुकसान कॉइलपुरतं थांबलं तर ते नशीबच म्हणायचं. ईसीयूने, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने, कॉइलला किती मिलिसेकंद करंट द्यायचा ते मूळ कॉइलच्या हिशोबाने ठरलेलं असतं. वेढे मारले कमी, की कॉइल जास्त करंट खेचते. ज्या गाड्यांत कॉइल चालवणारा ट्रान्झिस्टर ईसीयूच्या पोटात आहे, तिथे तोच जळू शकतो. शिवाय न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं, धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आणि आतली जाळी वितळवतं. कन्व्हर्टरची किंमत विचारा एकदा. बसून विचारा.

आता बाजार. नाना पेठेत गेलो. पुण्यात गाडीचा पार्ट म्हटलं की पाय आपोआप तिकडेच वळतात. काउंटरवरचा प्रश्न ऐका: ‘कुठली देऊ? कंपनी, ओईएम, फर्स्ट कॉपी का लोकल?’ (ओईएम म्हणजे गाडीच्या कंपनीला माल पुरवणाऱ्याची.)

‘चांगली द्या.’

‘सगळ्या चांगल्याच आहेत, साहेब.’

मग चार किमती कसल्या रे बाबा? तर खोक्याच्या! आतला माल एकाच गोणीतला निघाला तरी मला आश्चर्य वाटणार नाही. डेन्सो, बॉश, हिताची, एनजीके ही नावं जगभरच्या कंपन्यांना माल पुरवणाऱ्यांची, म्हणून नक्कलही त्यांचीच. होलोग्राम आहे, क्यूआर कोड आहे, बारीक अक्षरात पार्ट नंबर आहे, फक्त कॉइल खोटी आहे. क्यूआर स्कॅन केला तर कुठल्यातरी भलत्याच पानावर जातो. दुकानदाराला दाखवलं तर म्हणतो, ‘नेटवर्क नसेल.’ गॅरंटी विचारली तर ‘इलेक्ट्रिक आयटमला गॅरंटी नसते’. हा नियम कुठल्या ग्रंथात लिहिलाय कोण जाणे, पण पेठेतल्या प्रत्येकाला तो तोंडपाठ आहे. आणि पक्कं बिल मागितलं की चेहरा असा होतो जणू मी त्याची किडनी मागितली. ‘बिल पाहिजे? मग जीएसटी पडेल.’ अहो पडू दे! तो पडायलाच हवा ना!

नकली ट्रेडमार्कचा माल विकला तर १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. कायद्यात आहे. काउंटरवर कुणी त्याचं नाव काढत नाही.

अधिकृत सर्व्हिस सेंटरचा थाट वेगळा. तिथे एसीत बसवतात, कॉफी देतात आणि मग सांगतात, ‘सर, हे मॉडेल बंद झालंय, पार्ट ऑर्डर करावा लागेल. पूर्ण पैसे आधी. परत घेत नाही. कधी येईल सांगता येत नाही.’ हे सांगताना मागच्या भिंतीवर नव्या गाडीच्या एक्स्चेंज बोनसचं पोस्टर. कॉइलबद्दल तोंड उघडलं की दोन मिनिटांत त्यांचा सेल्सवाला खुर्ची ओढून शेजारी बसतो.

ऑनलाइनचं तर विचारूच नका. एकच फोटो, खाली बारा गाड्यांची नावं, ‘सर्व मॉडेलला फिट’. कनेक्टर अंडाकृती दिसतो, येतो चौकोनी. आणि ते रिव्ह्यू! ‘नाइस प्रॉडक्ट, पॅकिंग छान, डिलिव्हरी बॉय सभ्य.’ पाच तारे. अरे, कॉइल आहे ती, दिवाळीचा आकाशकंदील नाही. गाडीत बसवलीस का? तापवलीस का? परत करायची मुदत सात दिवस आणि कॉइल मान टाकते तिसऱ्या आठवड्यात. मरण्याची वेळ एवढी अचूक साधतात, तेवढीच अचूकता वेढे गुंडाळताना वापरली असती तर! तक्रार करायला जावं तर तो विक्रेताच गायब, तोच फोटो दुसऱ्या नावाने हजर.

या सगळ्यात सरकारचा हिशोब मात्र चोख. २०२२ च्या एप्रिलपासून पंधरा वर्षांवरच्या गाडीच्या फेरनोंदणीचे ६०० चे ५००० झाले. ते भरले. वर पर्यावरण कर, तोही भरला. पीयूसीला गेलो तर हायड्रोकार्बनचा आकडा जास्त. येणारच ना, एक सिलिंडर पेट्रोल न जाळताच बाहेर टाकतोय. म्हणजे प्रदूषण करतोय खोटी कॉइल बनवणारा, आणि कर भरतोय मी. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. छान आहे पोर्टल. दुरुस्तीचा हक्क मिळाला, आता दुरुस्तीला पार्ट कधी मिळणार?

आणि हो, ते सल्लागार. ‘विकून टाक रे, किती दिवस वापरणार?’ चार अंकी किमतीच्या पार्टसाठी दहा लाखांचं कर्ज काढू? चालतं इंजिन भंगारात घालू? यांच्या घरी नळाचा वॉशर गेला तर फ्लॅट विकत असतील.

शेवटी कॉइल मिळाली ती कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे. मागून ठोकलेल्या, माझ्याच मॉडेलच्या गाडीतून काढलेली, काळवंडलेली, बुटावर कुणीतरी खडूने फुली मारलेली. पण अंगावर मूळ कारखान्याचा शिक्का आणि वजन हातात घेतल्यावर कळतं असं. भंगारवाला म्हणाला, ‘लावून बघा, नाही चालली तर परत आणा.’ बिल नाही, होलोग्राम नाही, खोकंसुद्धा नाही, आणि एवढ्या वणवणीत हमी मिळाली ती फक्त याच्याकडून. माझ्या गाडीच्याच वयाची ती कॉइल अख्खा उन्हाळा खंबाटकी चढतेय, एकदाही मिसिंग नाही.

म्हटलं, अजून दोन उचलून ठेवाव्यात. पुन्हा गेलो तर भाव दुप्पट. का म्हणून विचारलं, तर भंगारवाला शांतपणे म्हणाला, ‘साहेब, ओरिजिनल आता मिळतं कुठे?’