माजघरातली रेंज

कोकणातलं जुनं घर बांधणाऱ्याने एकच गोष्ट मनात धरलेली असायची: बाहेरचं काही आत येता कामा नये. पाऊस नको, ऊन नको, चोर नको, आणि जमलं तर पाहुणासुद्धा ओटीवरच थोपवावा. रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर ह्याच बाण्याचं. जांभ्या चिऱ्याच्या दीड फुटी भिंती आणि पुढून मागे ओळीने पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर, मागली पडवी. पणजोबांनी भिंतींच्या चुन्यात गूळ घातला होता असं अप्पाकाका येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. किती घातला, तो आकडा दर मे महिन्यात वाढतो.

अशा घरात फायबर आलं. म्हणजे ओटीपर्यंत आलं. कंपनीच्या मुलाने "बोर्ड कुठाय?" एवढंच विचारलं. बोर्ड ओटीवर दाराशेजारी. तिथे त्याने वाय-फायचा डबा, म्हणजे राउटर, ठोकला, स्वतःच्या मोबाइलवर स्पीड दाखवला, सही घेतली, कोकम सरबत प्यायला आणि मोटरसायकलला किक मारली. माजघरात त्याने पाऊल टाकलं नाही. त्याच्या डब्यातल्या लहरींनीही टाकलं नाही.

मी घरून काम करायची परवानगी काढून गावी आलेला. तेव्हा कचेरी ओटीवर. आता ओटी ही बसायची जागा आहे, तिथे बसलेला माणूस रिकामाच असतो, ही गावाची ठाम समजूत. पाखाडीतून जाणारा प्रत्येक जण फाटकाशी थांबायचा. "कधी आलास?" "राहणार आहेस काय?" आणि मग, आवाज खाली आणल्याचा नुसता आविर्भाव करून, "नोकरी सुटली काय रे?" हा तिसरा प्रश्न एकदा भर मीटिंगमध्ये माझ्या माइकने उचलला. टीममधल्या नागपूरच्या मुलीने तो लगोलग इंग्रजी करून चॅटमध्ये टाकला. मॅनेजरने पुढचा पाऊण तास माझ्याशी फार हळुवारपणे बोलून काढला.

माईंचं, म्हणजे काकूंचं, दुखणं वेगळं. त्यांची थोरली बहीण डोंबिवलीला. दोघींचा व्हिडिओ कॉल स्वयंपाक करता करताच व्हायला हवा, कारण मुळात कॉल असतो तो आमटीबद्दल. स्वयंपाकघरात फोन नेला की डोंबिवलीकर आहेत तशा थिजायच्या. "ताई बघ, तोंड उघडं टाकून बसल्ये," माई काळजीने म्हणायच्या. मग फोन घेऊन ओटीवर धाव. तेवढ्यात इकडे आमटी उतू.

अप्पाकाका हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. त्यांना हा प्रकार वैयक्तिक अपमान वाटला. "१८९५ साली जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्याच्या टाउन हॉलात भिंतींपलीकडची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू उडवून दाखवली. वाटेत लेफ्टनंट गव्हर्नर होता, लहरी त्याच्या देहातून आरपार गेल्या! साहेबाच्या पोटातून जातात आणि तुझ्या डब्यातल्या लहरी माजघरात जात नाहीत?"

"गव्हर्नर जांभ्याचा नव्हता, काका."

हे त्यांना पटलं. किंबहुना आवडलं. लगेच ओटीवर तास सुरू झाला. डबा दोन पट्ट्यांत बोलतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पाचवाला वेगवान, पण भिंत आली की दम टाकतो. दोन पूर्णांक चारवाला हळू, पण भिंतीतून बराच पुढे जातो. जांभा सच्छिद्र, आषाढात पाणी पिऊन बसतो, आणि पाणी ह्या लहरी गिळतं. त्यात माजघराच्या भिंतीला टेकून, बरोबर डब्याच्या रेषेत, माईंचं लोखंडी कपाट. धातूवर लहर आपटते आणि परत फिरते. ते हलवूया म्हटलं तर माई म्हणाल्या, "ते माझ्या लग्नापासून तिथे आहे. तुझा डबा परवा आलाय." ज्येष्ठतेचा मुद्दा निघाल्यावर पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

पुण्याच्या आतेभावाने फोनवरून निदान केलं: "रिपीटर घे, प्लगमध्ये खोच, विषय संपला." पुण्याहून आलेल्या सल्ल्यात विषय नेहमी संपलेलाच असतो. रिपीटर आला. तो माईंनी चुलीशेजारच्या प्लगमध्ये लावला, कारण रेंज तिथे नव्हती. बहुतेक घरांत तो असाच लागतो. पण ज्याला स्वतःलाच काही ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार? मग तो माजघराच्या दाराशी आणला. तिथून तो ऐकायचा आणि पुन्हा म्हणायचा, पण दोन्ही कामं एकाच रेडिओवर, त्यामुळे वेग निम्म्यावर. डोंबिवलीकर हलू लागल्या, फक्त चेहरा ह्या वाक्याचा आणि आवाज मागच्या वाक्याचा. माईंनी "मोहरी घातलीस का?" ह्या प्रश्नाला "गुडघे" असं उत्तर मिळवलं आणि रिपीटर उपटून माझ्या हातात ठेवला.

राहिला खरा उपाय: दुसरा राउटर, आणि ओटीपासून माजघरापर्यंत सरळ केबल. भिंतींशी लहरींनी झगडायचंच नाही, तारेने पलीकडे जायचं. रत्नागिरीहून राउटर आणि तीस मीटर कॅट सिक्स, म्हणजे इंटरनेटची, केबल आणली. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनतक्रार चालते, आमचं घर लांब असलं तरी तेवढं नाही. पण काकांनी हात आडवा केला. "माझ्या हयातीत ह्या भिंतीला भोक नाही."

दिनू वायरमनला बोलावलं. दिनू पंप, मिक्सर, सत्यनारायणाचा लाउडस्पीकर आणि निवडणुकीचा मांडव ह्या सगळ्यांचा अधिकारी. त्याने वर पाहिलं. कौलारू घरात आतली भिंत छपराला भिडत नाही, वाशांखाली मोकळी जागा असते. "भोक कशाला, मास्तर? घळ आणा." आंबे काढायची लांब काठीची घळ आली. दिनूने तिच्या जाळीत केबलचं टोक ठेवलं, माळ्यावरच्या भाताच्या कणग्या, पाळणा आणि कुणाच्या तरी मुंजीतलं चौरंगाचं सामान चुकवत ती भिंतीवरून पलीकडे सरकवली, आणि माजघरात मी ती झेलली. केबलबरोबर दोन कौलांचे तुकडे, एक पाल आणि बरीच वर्षं साठलेली काजळीही खाली आली. उंदरांसाठी वर पाइप चढवला, कारण आमच्या माळ्यावरचे उंदीर कशालाही नाही म्हणत नाहीत.

मग टोकं बांधायचं काम. हे पाहण्याजोगं होतं. दिनूने कव्हर सोललं, आतल्या आठ तारांचा पीळ सोडवला, आणि अंगठ्याच्या नखाने एकेक सरळ करत ओळीने मांडत गेला: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. काका बॅटरी धरून उभे. "हिरव्याच्या जोडीत निळा का घुसवलास?" "तसाच असतो." "का पण?" "मास्तर, बॅटरी हलवू नका." चाळीस वर्षं पोरांना ज्या शब्दांत गप्प केलं, जवळपास त्याच शब्दांत काका गप्प झाले. आठही तारा कातरून एका रेषेत आल्या, प्लास्टिकच्या टोपीत शिरल्या, पकडीचा कट्ट असा आवाज झाला. दुसरं टोक हुबेहूब तसंच.

केबल जोडली आणि घरातलं होतं तेही इंटरनेट गेलं.

कारण साधं होतं. प्रत्येक राउटर कारखान्यातून घराचा मालक म्हणूनच बाहेर पडतो. आमच्या दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१, आणि घरातल्या प्रत्येक फोनला पत्ते वाटण्याचा अधिकारही दोघांकडे. अविभक्त कुटुंबात दोन कर्ते झाले तर जे होतं ते झालं: माझा लॅपटॉप एकाचं ऐके, माईंचा फोन दुसऱ्याचं, आणि काकांचा टॅब दोघांकडून वेगवेगळं ऐकून स्वस्थ बसला. तेव्हा लॅपटॉप तारेने नव्याला जोडून त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ केला, पत्ते वाटायचं काम, ज्याला डीएचसीपी म्हणतात, त्याच्याकडून काढून घेतलं, आणि केबल त्याच्या निळ्या भोकात न घालता शेजारच्या लॅनच्या, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, भोकातच ठेवली. निळ्यावर 'इंटरनेट' असं छापलंय म्हणून ती तिथेच घालावी ह्यासाठी दिनूने छापील पुराव्यानिशी वाद घातला. नावं आणि पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवले. ओटी एक नंबर चॅनलवर, माजघर अकरावर, म्हणजे एकमेकांच्या बोलण्यात बोलणं नको.

एवढ्यावर भागायला हरकत नव्हती. पण कुठल्या राउटरला धरायचं हे ठरवतो फोन, आणि माईंचा फोन माईंचाच. ओटीवरच्या डब्याशी एकदा जमलं की स्वयंपाकघरात गेला तरी एक काडी रेंजवर त्यालाच चिकटून. शेवटी ओटीवरच्याची ताकद सेटिंगमधून 'मध्यम' केली. फोन मुकाट माजघराकडे वळला. डोंबिवलीकर तोंड मिटून बोलू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी शिष्टमंडळ. गडग्यावर बसून आमच्या रेंजवर क्रिकेट पाहणारी वाडीतली पोरं, आणि त्यांचा म्होरक्या दिनूचा पुतण्या. पासवर्ड त्यांना कुणी दिला हे विचारण्यात अर्थ नव्हता, माईंनी तो हळदीकुंकवाला वाटला होता. "आधी बरी होती हो रेंज," पुतण्या म्हणाला. "तुम्ही काहीतरी बिघडवलंत." काकांनी त्यांना सांगितलं की आपल्या देशात रेडिओ ऐकायलासुद्धा पोस्टात लायसन भरावं लागायचं, ह्या पट्टीतल्या लहरी २००५ पासून बिनपरवाना मिळतायत, तेव्हा तक्रार करू नये. पोरं ऐकून घेऊन गडग्यावरून उतरली आणि पडवीत येऊन बसली. आता त्यांनाही चहा द्यावा लागतो.

आणि वळीव आहेच. आभाळात पहिला गडगडाट झाला की घरातले सगळे प्लग उपटायचे हा काकांचा नियम, आणि तो बरोबरच आहे, गेल्या साली शेजाऱ्यांचा टीव्ही असाच गेला. पूर्वी एक डबा होता. आता दुसरा कपाटाच्या डोक्यावर, त्याला स्टूल लागतं, आणि मधली केबलही सोडवावी लागते, नाहीतर एकात शिरलेली वीज तारेने दुसऱ्याच्या घरी जाते. परवा मी माजघरात बसून तिमाहीचे आकडे सांगत होतो. लांब कुठेतरी गुरगुरलं. काका स्टूल घेऊन आले, माझ्या पाठीमागे कॅमेऱ्यात चढले, आणि "सर, इज दॅट जेंटलमन ओके?" एवढं ऐकू येऊन सगळं काळं झालं.

"सुटलास," काका वरून म्हणाले. दोन्ही हातांत एकेक प्लग. "अगो, चहा टाक!"

"टाकत्ये," आतून माई तणतणल्या. "ताई नेमकी मुलाचं लग्न कुठे ठरलं ते सांगत होती. नुसतं 'चि' ऐकलंय मी. आता चिपळूण की चिंचवड?"