घोड्यावर बसवा हवं तर, पण फिट्सचं औषध बंद करू नका

भांडुपच्या माझ्या ताईला काल तो फॉरवर्ड आला, "रोज अर्धा तास घोड्यावर बसवा, ३ महिन्यांत सेरेब्रल पाल्सी गायब, फिजिओ आणि औषधं बंद". तिचा मुलगा ६ वर्षांचा, त्याला सेरेब्रल पाल्सी (सीपी) आहे, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचालींवर परिणाम झालाय, आणि फिट्सही येतात. सकाळी गेले तर ८ वाजताचं फिट्सचं सिरप तसंच, सिरिंज कोरडी, आधाराची स्प्लिंट पलंगाखाली, आणि ताई विचारतेय, "अगं, आजपासून नाही दिलं तर चालेल ना?" डोकंच फिरलं माझं.

आधी औषधाचंच. फिट्सचं औषध एकदम बंद केलं की फिट्स परत येतात, कधी एकामागून एक, थांबतच नाहीत, जीवावर बेतू शकतं. कमी करायचं तर डॉक्टर हळूहळू करतात. आणि ज्याच्या फिट्स कंट्रोलमध्ये नाहीत त्याला घोड्यावर बसवतच नाहीत! म्हणजे ज्या घोड्यासाठी औषध सोडा म्हणताय, तोच औषध सोडल्यावर धोक्याचा. लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा ना, पोरांचा जीव आहे हा.

फॉरवर्डमध्ये पुढे, "घोड्याच्या उष्णतेने मेंदूच्या नसा उघडतात". घोड्याचं अंग साधारण ३८ डिग्री, आपलं ३७. त्या उबेने, हलण्याने ताठ मांड्या थोडा वेळ सैल पडतात, बस. मेंदूची इजा तशीच राहते.

मग म्हणे, "पोलिओ झालेली बाई घोड्यामुळे बरी होऊन ऑलिम्पिक मेडल जिंकली". डेन्मार्कच्या लिस हार्टेल, १९५२, हेलसिंकी, सिल्व्हर, मेडल खरंच. पण गुडघ्याखाली पाय लुळेच होते, घोड्यावर चढायला-उतरायला माणूस लागायचा.

बरं, फायदा होतो हे मान्य. घोडा चालतो तेव्हा वर बसलेल्याची कंबर आपण चालताना हलते जवळपास तशी हलते, पोराला तोल सावरावा लागतो. २०२० मध्ये आयोना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सीपीच्या उपचारांचा मोठा आढावा घेतला, त्यात हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्यावर बसवून देतात ती थेरपी, उपयोगी उपचारांत आहे. पण त्याच यादीत घरचा व्यायाम, कास्टिंग (ताठ अवयवाला प्लास्टर घालणं) हेही आहे, ते सोडून घोडा असं कुठेच नाही.

आणि "कुठलाही घोडा चालतो, जुहूला न्या" म्हणे! शिकवलेला शांत घोडा लागतो, हेल्मेट, लगाम धरणारा एक, दोन्ही बाजूंना माणसं, सोबत थेरपिस्ट. आधी खुब्याचा एक्स-रे, डाऊन सिंड्रोम असेल तर मानेची तपासणी.

साडेआठला सिरप दिलं तिने, मी समोर बसून होते. स्प्लिंटचे पट्टे मीच लावले. घोड्याचं उद्या फिजिओला विचारणार आहोत, एक्स-रे घेऊन.