विश्वास पक्का असला की संकट येत नाही? या फॉरवर्डला माझं उत्तर

मंडळीच्या म्हणजे आपल्या चर्चच्या ग्रुपवर, महिला मंडळाच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, सगळीकडे सध्या एकच मेसेज फिरतोय. ज्यांना आला नसेल त्यांना थोडक्यात सांगते. ज्याचा विश्वास पक्का त्याच्या घरात संकट शिरत नाही, रोज सकाळी बायबलमधलं स्तोत्र 91 म्हणा, आजार-अपघात दाराला शिवणार नाहीत. तरीही संकट आलंच तर समजा विश्वासात खोट आहे नाहीतर कुठलं तरी पाप लपवलंय. देव झेपेल त्याहून जास्त ओझं देत नाही म्हणून रडायचं नाही, निराशेचं बोलायचं नाही. विमा, शिल्लक, डॉक्टर यांच्यावर भिस्त ठेवणं म्हणजे अविश्वास. आणि वेगळी तयारी काही लागत नाही, वेळ आली की एक आरोळी मारा, देव धावून येतो. शेवटी अर्थातच, 10 जणांना पाठवा.

मी पाठवणार नाहीये, आणि गप्पही बसणार नाहीये, कारण हा मेसेज ज्यांच्या घरात नुकतीच मयत झालीय त्यांच्या फोनवरही जातोय. 2021 च्या एप्रिलमध्ये माझ्या मावशीचे मिस्टर कोविडने गेले, आणि त्या दुःखातून घर सावरायच्या आत असाच एक मेसेज तिला कुणीतरी पाठवला होता. तिने मला फोन करून विचारलं, "म्हणजे माझाच विश्वास कमी पडला का गं?" ज्या बाईने आयुष्यभर एक उपासना चुकवली नाही, दुसऱ्यांच्या घरसभेला पायी गेली, तिला हे विचारावं लागलं. म्हणून एकेक मुद्दा घेते, आणि पवित्र शास्त्र म्हणजे बायबल उघडूनच घेते.

पहिला दावा, विश्वास पक्का असेल तर संकट येत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायातली दोन घरं आपण लहानपणी गाणं म्हणत शिकलो, एक खडकावरचं आणि एक वाळूवरचं. नीट वाचा, पाऊस दोन्ही घरांवर पडला, पूर दोन्हीकडे आला, वारा दोन्ही घरांवर आदळला. ज्याने प्रभू येशूचं ऐकलं आणि तसं केलं त्याच्या घरावर ऊन पडलं असं प्रभू कुठेही म्हणत नाही, ते घर पडलं नाही एवढंच तो म्हणतो. आणि वधस्तंभाच्या आदल्या रात्री शिष्यांना त्याने सरळच सांगून टाकलं, जगात तुम्हाला क्लेश होतील, पण धीर धरा, मी जगाला जिंकलं आहे. आता जो स्वतः सांगून गेला की होतील, त्याच्याच नावाने आपण लोकांना होणार नाहीत असं कसं सांगतो?

स्तोत्र 91 माझ्याही आवडीचं आहे, घरात भिंतीवर लावलंय. पण त्याच स्तोत्राच्या शेवटाकडे देव म्हणतो की संकटात मी त्याच्याजवळ राहीन. म्हणजे ते स्तोत्रच संकट धरून चाललंय. आणि हे स्तोत्र ताईत बांधल्यासारखं वापरायचा प्रयत्न शास्त्रात एकाने केलाय, तो म्हणजे सैतान, मत्तय 4 मध्ये. मंदिराच्या टोकावर उभं करून तो प्रभूला म्हणाला, उडी मार, देवदूत तुला हातांवर झेलतील असं लिहिलंय ना. प्रभूने उडी मारली नाही, देवाची परीक्षा पाहायची नाही असं उत्तर दिलं.

प्रेषितांची कृत्ये 12 पण वाचा या निमित्ताने. एकाच अध्यायात हेरोद राजा प्रभूचा शिष्य याकोब याला तलवारीने मारतो आणि त्याच अध्यायात देवदूत येऊन दुसरा शिष्य पेत्र याला तुरुंगातून सोडवतो. याकोबाचा विश्वास पेत्रापेक्षा कमी होता का? शास्त्र तसं अजिबात म्हणत नाही. इब्री 11, ज्याला आपण विश्वासाचा अध्याय म्हणतो, त्यात विश्वासाने तलवारीच्या धारेपासून वाचलेले लोक आहेत आणि दोन-तीन ओळींनंतर तलवारीनेच मारले गेलेले लोक आहेत, आणि दोघांचीही नावाजणी एकाच विश्वासासाठी झालीय.

दुसरा दावा, संकट आलं म्हणजे पाप किंवा विश्वास कमी. हा मला सगळ्यात क्रूर वाटतो. शिष्यांनी जन्मांध माणसाकडे बघून हेच विचारलं होतं, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने? प्रभूचं उत्तर, याने पण नाही आणि आईबापाने पण नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली तेव्हा पण लोकांच्या मनात हेच आलं, आणि लूक 13 मध्ये प्रभू विचारतो, ते यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होते असं तुम्हाला वाटतं का? नाही, असं तो स्वतःच सांगतो, आणि बोट ऐकणाऱ्यांकडे वळवतो, तुम्ही पश्चात्ताप करा म्हणतो. लेकरं, संपत्ती, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाकडे त्याचे मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोपर्यंत सगळं बरोबर होतं. तोंड उघडून कारणं सांगायला लागले तिथून बिघडलं, आणि शेवटी देव ईयोबावर नाही तर त्या मित्रांवर रागावला. आपल्याकडे मयतीच्या घरी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, "काहीतरी असेल बघ, देव उगाच नाही करत" असं बोलणारे खूप आहेत, त्यांनी ईयोबाचा 42 वा अध्याय जरूर वाचावा.

तिसरा, झेपेल त्याहून जास्त ओझं देव देत नाही. हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की ते शास्त्रातलंच आहे असं वाटतं. ज्या वचनावरून ते घेतात ते प्रेषित पौलाच्या पत्रातलं 1 करिंथ 10:13, आणि तो अख्खा परिच्छेद मूर्तिपूजा, व्यभिचार, कुरकुर या पापाच्या मोहांबद्दल आहे, की मोह आला तरी निसटायची वाट देव ठेवतो. कॅन्सर, नोकरी जाणं, लेकरू दगावणं याबद्दल तिथे एक शब्द नाहीये. उलट तोच पौल 2 करिंथच्या पहिल्याच अध्यायात लिहितो की आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडे भार पडला, इतका की जगण्याची पण आशा उरली नाही, आणि हे यासाठी झालं की आम्ही स्वतःवर नाही तर मेलेल्यांना उठवणाऱ्या देवावर भरवसा ठेवावा. झेपलं नाही हे प्रेषित उघड लिहितो आणि आपण मात्र विधवा झालेल्या बाईला सांगतो की तुला झेपतंय, रडू नको.

रडण्याचं तर बोलूच नका. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी प्रभू रडला, आणि त्याला माहीत होतं की पाच मिनिटांत तो लाजराला उठवणार आहे, तरी रडला. स्तोत्रसंहितेत विलापाची स्तोत्रं ढीगभर आहेत, आणि 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची ओळसुद्धा नाही. ते पण देवाचं वचन म्हणून आपल्या हातात आहे. "मला भीती वाटेल तेव्हा मी तुझ्यावर भरवसा ठेवीन" असं 56 व्या स्तोत्रात आहे, म्हणजे भीती वाटते हे आधी कबूल केलंय, मग भरवसा.

चौथा, विमा-डॉक्टर म्हणजे अविश्वास. यावर जास्त लिहायची गरज नाही खरं तर. लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पत्रात पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणून सांगतो, आणि त्याच पत्रात लिहितो की जो घरच्यांची तरतूद करत नाही तो विश्वास न ठेवणाऱ्यापेक्षा वाईट. योसेफाने दुष्काळ येणार म्हणून सात वर्षं धान्य साठवलं. कृत्ये 27 मधलं वादळ मला फार आवडतं, जहाजावर 276 माणसं, देवाने सांगितलंय एकही मरणार नाही, तरी खलाशी होडीतून पळायला लागल्यावर पौल रोमी सैन्याच्या शताधिपतीला म्हणतो हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही, आणि मग सगळ्यांना बसवून जेवायला लावतो. देवाच्या अभिवचनावर ज्याचा एवढा भरवसा तोच माणूस सगळ्यांच्या पोटात अन्न गेलंय का ते बघतो.

आणि आपल्या मातीतलंच उदाहरण घ्यायचं तर पंडिता रमाबाई. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण गेले, मग 1880 मध्ये भाऊ, 1882 मध्ये नवरा, पदरात लहानगी मनोरमा. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं. पण विश्वासात आल्यावर तरी संकटं थांबली का? दुष्काळ आला, पुण्यात प्लेग आला, आणि 1921 मध्ये मनोरमाबाई गेल्या, ज्यांच्या हाती रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनचं काम सोपवायचं होतं त्याच. त्या बाईंच्या प्रार्थनेबद्दल, विश्वासाबद्दल कुणी शंका घेईल का? आणि दुसरी बाजू बघा, 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या तेव्हा त्यांना ठेवायला केडगावची जमीन आधीच घेऊन ठेवलेली होती, तिथे विहिरी होत्या, शेती होती. प्रार्थनेत पहाटे उठणारी बाई जमिनीचं पण बघत होती. पोटची मुलगी गेल्यावरही बायबलचं मराठी भाषांतर त्यांनी सोडलं नाही, हिब्रू आणि ग्रीकवरून केलेलं ते काम पुरं केलं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये प्रभूकडे गेल्या. असा विश्वास एका सकाळी मेसेज वाचून येत नाही, तो वर्षानुवर्षं रोजच्या रोज तयार झालेला असतो.

इथेच पाचवा दावा येतो, तयारी लागत नाही, वेळ आली की आरोळी मारा. देव आरोळी ऐकतो, यात वादच नाही, वधस्तंभावरच्या चोराचं पण ऐकलं. पण तहान लागल्यावर विहीर खणायला बसायचं हा सल्ला शास्त्र देत नाही. देवाची प्रार्थना करणाऱ्याला सिंहांच्या गुहेत टाकायचा राजाचा हुकूम कळल्यावर दानिएल घरी गेला, यरुशलेमेकडची खिडकी उघडी होती, आणि दिवसातून तीनदा गुडघे टेकून त्याने प्रार्थना केली, पूर्वी करत होता तशीच. सिंहांच्या गुहेची तयारी सिंह दिसायच्या कितीतरी आधी त्या खिडकीपाशी झाली होती. प्रभूने स्वतः वधस्तंभावर जे उच्चारलं त्यात 22 व्या आणि 31 व्या स्तोत्रातले शब्द आहेत, म्हणजे असह्य वेदनेत पण ते आतून आले कारण ते आत होते. जर्मनीत दीट्रिख बोनहोफर नावाचे पाळक होते, हिटलरच्या विरोधात गेले म्हणून 1943 मध्ये तुरुंगात टाकलं आणि 9 एप्रिल 1945 ला फाशी दिलं. तुरुंगातून आईवडिलांना लिहिताना ते सांगतात की मी रोज स्तोत्रं वाचतो, कित्येक वर्षं वाचत आलोय तशीच.

मावशीचं पण तेच झालं. तिनेच नंतर सांगितलं, कोविड वॉर्डाच्या गेटबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची, मांडीवर रिपोर्टची फाइल, वॉचमन कुणाला आत सोडत नव्हता, आणि प्रार्थनेला शब्दच येत नव्हते. तोंड कोरडं पडायचं. फक्त लहानपणी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, पाठ केलेलं 121 वं स्तोत्र यायचं, मला साहाय्य कुठून येईल, ते पण मध्येच तुटायचं मग पुन्हा पहिल्यापासून. तिला वाटत होतं की ही काही खरी प्रार्थना नाही. मी तिला म्हटलं, मावशी, तू लहानपणी जे साठवलंस ते त्या गेटवर तुझ्या कामी आलं, यालाच विश्वास म्हणतात, तो कमी पडला नाही. काका वाचले नाहीत. पण ती त्या दिवसांत देवाशीच बोलत होती, आणि मंडळीतल्या दोन बायका रोज संध्याकाळी फोनवर तिच्याबरोबर तेच स्तोत्र म्हणायच्या.

त्यामुळे तयारी करायची तर ती आता, सगळं बरं चाललेलं असताना. आठ-दहा स्तोत्रं तोंडपाठ करा, आनंदाची पण आणि विलापाची पण, मुलांकडून करून घ्या, शब्बाथ शाळेत पाठांतर जुनं झालं म्हणून बंद केलं असेल तर पाळक साहेबांना सांगून पुन्हा सुरू करा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या नव्हे तर वेळ ठरवून प्रार्थना करा, दोन मिनिटं का होईना. ज्यांना मध्यरात्री फोन करता येईल अशी दोन माणसं मंडळीत आहेत का बघा, नसतील तर त्यासाठी आधी आपण कुणाचे तरी असे माणूस व्हायला लागतं. ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याशी समेट करा, हॉस्पिटलमध्ये ते जमत नाही. विम्याचे, बँकेचे कागद एका पिशवीत ठेवा आणि घरात दुसऱ्या कुणाला तरी ती पिशवी दाखवून ठेवा.

आणि ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवलाय त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वाईट हेतूने कुणी पाठवला नसणार हे मला माहीत आहे. पण ग्रुपमधून तो डिलीट करा, आणि आपल्या मंडळीत अलीकडे ज्यांच्या घरी मयत झाली असेल किंवा कुणी ॲडमिट असेल तिथे या रविवारी उपासना सुटल्यावर डबा घेऊन जा. कारण सांगायला जाऊ नका. बसा, ते रडले तर रडू द्या, आणि त्यांनी म्हटलं तरच एक स्तोत्र वाचा.