दीड टन आणि जुलै

परवा रात्री दिल्लीहून एका कॅप्टनचा फोन आला. मराठी माणूस, नमस्कार-चमत्कार काही नाही. "मॅडम, प्लॅन बघितला. दीड टन इंधन वाढवा."

"कारण काय लिहू?"

"जुलै लिहा."

चौदा वर्षं डिस्पॅचला, म्हणजे विमानाचा मार्ग आणि इंधन ठरवणाऱ्या विभागात, काढल्यावर असल्या उत्तराचा राग यायला नको, पण आला. मुंबईचं हवामान बघूनच तर आकडा काढला होता मी! ट्रिप फ्युएल म्हणजे प्रवासापुरतं इंधन, त्यावर पाच टक्के कंटिन्जन्सी, म्हणजे अनपेक्षित खर्चासाठीचं, मुंबईत उतरता आलं नाही तर अहमदाबादपर्यंतचं, आणि शेवटचं अर्ध्या तासाचं. त्या शेवटच्याला हात लागणार असं दिसलं की सरळ 'मेडे', म्हणजे संकटाचा इशारा, द्यायचा.

इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं, तासाला साधारण तीन टक्के. म्हणजे दीड टनामागे दिल्ली-मुंबईत नव्वदेक किलो नुसतं वाहतुकीत जळणार. एका फ्लाइटला चिल्लर, पण दिवसभराच्या शेकडो फ्लाइट्सना लावून बघा. वर ओल्या रनवेवर जड विमान थांबवायचं. हे सगळं त्यांना ऐकवलं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमची कंटिन्जन्सी घिरट्या घालताना किती मिनिटं पुरते?"

त्यांच्या ए-320 विमानाला पाच-सहा मिनिटं. मी गप्प. मुंबईचे दोन रनवे एकमेकांना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच चालतो. पावसात एखाद्याने गो-अराउंड केलं, म्हणजे न उतरता पुन्हा वर उचललं, की मागच्यांची रांग लागलीच.

दीड टन दिलं. पण माझं म्हणणं वेगळंच आहे. या वादावादीची मला भीती वाटत नाही, फोन वाजलाच नाही तर वाटते. 25 जानेवारी 1990 ला आव्हिआंकाचं बोइंग 707 कोलंबियाहून न्यूयॉर्कला येत होतं. खराब हवेमुळे त्याला वाटेत तीनदा मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या घालायला लावल्या. इंधन संपलं, विमान लाँग आयलंडवर कोसळलं, 158 पैकी 73 जण गेले. वैमानिकांनी 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारलाच नाही, हे सगळ्यांना आठवतं. पण चौकशी अहवालात आणखी एक ओळ आहे: एवढ्या गर्दीच्या विमानतळावर खराब हवेत येताना त्यांनी कंपनीच्या डिस्पॅचची मदतच घेतली नव्हती. अमेरिकेत रिलीजवर, म्हणजे विमान सोडण्याच्या परवानगीवर, कॅप्टन आणि डिस्पॅचर दोघांच्याही सह्या लागतात, त्या उगाच नाही.

म्हणून आमच्याकडची एक्स्ट्रा इंधनाची यादी मला खुपते. कुठल्या कॅप्टनने महिन्यात किती एक्स्ट्रा घेतलं, नावानिशी, उतरत्या क्रमाने. यादीत वर नाव आलेला माणूस पुढच्या वेळी मला फोन करेल? मुकाट सही करून निघेल. आणि आम्ही डिस्पॅचवाले खूश, बघा, आमचे आकडे कसे बरोबर.

त्या रात्री दिल्लीच्या त्या कॅप्टनना बावीस मिनिटं होल्ड मिळाला, म्हणजे घिरट्या घालाव्या लागल्या. उतरल्यावर मेसेज नाही, टोमणा नाही.

सकाळी एक्स्ट्राचं कारण विचारणारा मेल आला. मी 'जुलै' लिहून पाठवलं.